किनाऱ्यावरच्या पक्षी-फेऱ्या, सप्टेंबर ते नोव्हेंबर: प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर, रविवार

आजपासून सुरू. ठरलंय असं की सप्टेंबर ते नोव्हेंबर जमेल तसा दर आठवड्याला एक फेरी मारायची, रस्ता तोच ठेवायचा आणि दिसलेला प्रत्येक किनारी पक्षी मोजून वहीत टाकायचा. रस्ता म्हणजे खडकांपासून खाडीच्या तोंडापर्यंत, साधारण तीन किलोमीटर, त्याचे चार तुकडे केलेत: खडक, वाळू, चिखल आणि शेवटचा वाळूचा दांडा जो भरतीला तिन्ही बाजूंनी पाण्यात असतो.

सकाळी साडेसहाला निघालो, सात जण. पौर्णिमेची मोठी ओहोटी, पाणी इतकं लांब गेलेलं की चिखलाची पलीकडची कड दुर्बिणीत नुसती थरथरत होती. पक्षी होते, भरपूर होते, पण सगळे विखुरलेले, इकडे चार तिकडे अकरा, आणि उन्हं वर आल्यावर तर समोरून येणाऱ्या उजेडात सगळेच काळे दिसायला लागले. एकूण २१४. त्यातले साठेक मी 'छोटे वेडर, आयडी नाही' म्हणून सोडून दिले (वेडर म्हणजे चिखलात, उथळ पाण्यात चालत खाणारे पक्षी, आयडी म्हणजे ओळख). न ओळखता आलेल्याला ओढूनताणून नाव द्यायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरवून टाकलंय.

८ बाय ४२ च्या दोन दुर्बिणी, एक स्कोप (लांबचं बघायची एका डोळ्याची दुर्बीण) आणि एक क्लिकर (दाबून आकडा मोजायचं यंत्र), एवढं सामान पुरलं.

१४ सप्टेंबर, रविवार

साडेसहालाच. आज एकूण ३८८! आठवीतला आमचा छोटा मेंबर वही बघून म्हणाला, "काका, एका आठवड्यात एवढे आले?" मला पण तेच वाटलं आणि खरं सांगतो, घरी येईपर्यंत मी खुशीतच होतो.

१६ सप्टेंबर

चूक सापडली. पक्षी वाढले नव्हते, पाणी वाढलं होतं. भरतीची वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तास, म्हणजे या रविवारी साडेसहाला पूर्ण ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला पाणी वर आलेलं असणार. घड्याळ सारखं ठेवून आम्ही दोन रविवार दोन वेगळे किनारे मोजले. पहिल्या वेळी पक्षी मैलभर चिखलात पसरलेले, दुसऱ्या वेळी पाण्याने त्यांना आमच्याकडे ढकललेलं.

किनाऱ्यावरच्या पक्ष्याला सकाळ-संध्याकाळ असं वेळापत्रक नसतंच. ओहोटी झाली की खायचं, भरती आली की उंच जागेवर जाऊन विसावायचं, आणि ओहोटी रात्री दोनला असेल तर रात्री दोनला खायचं. तुतवारांच्या जातीतले पक्षी चोचीच्या टोकाने चाचपून खातात, त्या टोकात स्पर्शाच्या इतक्या बारीक जागा असतात की चिखलात पुरलेला किडा न बघता कळतो, त्यामुळे अंधाराने त्यांचं फार अडत नाही. चिखल्या मात्र डोळ्यांनी शिकार करतात, म्हणून त्यांचे डोळे डोक्याच्या मानाने एवढे मोठे. रात्री तेही चरतातच.

नवीन पद्धत: मोजणी फक्त उधाणाच्या भरतीला, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, भरतीच्या दीड तास आधी दांड्यावर पोचायचं. तेव्हा चिखल सगळा बुडतो आणि पक्षी एकाच जागी गोळा होतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत नुसतं बघायला जायचं, एकूण आकडा लिहायचा नाही. आधीचे दोन्ही आकडे वहीत ठेवतोय, खोडत नाही, फक्त समोर भरतीची वेळ लिहिली.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावस्या, भरती दुपारी १२.०५

आजचं लिहायला जड जातंय पण लिहितो.

नऊ जण होतो, दोन नवीन. साडेदहाला दांड्याच्या सुरुवातीला पोचलो आणि स्कोप लावला तर समोर असा थवा की कुणाला बोलायला सुचेना. वाळूवर राखाडी-पांढरी गोधडी पसरल्यासारखा, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, बहुतेक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. कडेला मोठे, वाकड्या चोचीचे व्हिंब्रेल, मध्ये ग्रे प्लोव्हर (चिखल्यांपैकी), पुढे सँडरलिंग (छोटे, तुतवारांपैकी) आणि त्यांच्याहून बारीक काहीतरी. मी शंभरचा एक ब्लॉक मोजला, तो नजरेने थव्यावर मांडत गेलो, चौथ्या ब्लॉकपर्यंत आलो आणि मग मीच म्हणालो की थोडं पुढे जाऊया, त्या बारक्यांची आयडी पटली नाही. हे मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही.

वीस-पंचवीस पावलं टाकली असतील. आधी एका ग्रे प्लोव्हरने मान वर काढली, मग दुसऱ्याने. मग व्हिंब्रेल दोन पावलं चालले. हे सगळं मला दिसत होतं, मी ते बघून सुद्धा चालत राहिलो. आणि मग पूर्ण दांडा उठला. आवाज असा आला की कुणीतरी मोठं कापड एकदम फाडलं. थवा वळला, पांढरा झाला, परत वळला, काळा झाला, आणि खाली उतरायला येऊन आम्हाला बघून परत वर गेला. असं पाच वेळा. मी घड्याळ बघितलं, बावीस मिनिटं ते हवेत होते, कारण उधाणाच्या भरतीला बसायला दुसरी जागाच नव्हती आणि जी होती तिच्या तोंडावर आम्ही उभे. आम्ही मागे फिरलो तेव्हा काही खाली आले, बाकीचे खाडीवरून आत निघून गेले.

मोजणी: अपूर्ण. कारण: आम्ही.

२३ सप्टेंबर

दोन दिवस तोच आवाज कानात आहे.

हे पक्षी आत्ता कुठून आलेत याचा नीट विचार केला असता तर ते पाऊल पडलं नसतं. सँडरलिंग, टर्नस्टोन (दगड-शेवाळ उलटून खाणारा छोटा पक्षी), ग्रे प्लोव्हर हे आर्क्टिकच्या टुंड्रात अंडी घालतात. मोठे पक्षी साधारणपणे आधी निघतात, त्या वर्षीची पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात, आणि ती बहुतेक आईबापांशिवाय येतात, आयुष्यात कधीही न पाहिलेल्या किनाऱ्याकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट (लांब चोचीचा किनारी पक्षी) पाठीवर छोटा सॅटेलाइट टॅग घेऊन अलास्काहून निघाला आणि थेट टास्मानियात उतरला, १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये कुठेही न थांबता, न खाता, न पिता. गॉडविटला पाण्यावर बसून दम खाता येत नाही. निघायच्या आधी त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग नुसती चरबी असते आणि पोट-आतडी आकसून लहान होतात, कारण वाटेत त्यांचं काम नसतं.

आता असा पक्षी उतरल्यावर त्याला दोनच गोष्टी हव्यात, खाणं आणि निवांत बसणं. ओहोटीचे तास खाण्याचे, भरतीचे तास पचवायचे आणि झोपायचे. त्या दुसऱ्या तासांतली बावीस मिनिटं आम्ही घेतली, आणि नुसती घेतली नाही तर उडायला लावून घेतली, म्हणजे जमवलेलं जाळायला लावलं. आमच्यासारखे आणखी किती जण दिवसभरात त्या दांड्यावरून जात असतील!

नियम बदलले. दांड्यावर पाय ठेवायचा नाही, दीडशे मीटरवरच्या झुडपांच्या कडेला बसून मोजायचं. भरतीच्या आधी जाऊन बसायचं म्हणजे पक्षी आपल्याला बघून मग जागा निवडतील. जास्तीत जास्त पाच जण. एका जरी पक्ष्याने मान ताणली की सगळ्यांनी जिथे आहोत तिथे थिजायचं, दोघांनी ताणली की मागे. आयडी पटली नाही तर नाही पटली.

२८ सप्टेंबर

भांग. वारा जोरात, स्कोप हलत होता, भिंगावर खारट पाण्याची पुटं. खडकांवर एक ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी), पायात मासा, तोंडाच्या दिशेने सरळ धरलेला. बाकी काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. भरती सकाळी १०.३५

पाच जण, आठ वाजता झुडपांपाशी बसलो. पाऊण तास काहीच नाही. ग्रुपमधल्या ताई म्हणाल्या, "आज येतात की नाही कोण जाणे." मग पाणी चढलं तसे पाच-पाच, दहा-दहाच्या टोळ्यांनी यायला लागले आणि येताना मोजणं किती सोपं असतं हे आज कळलं, कारण ब्लॉक स्वतःच समोरून येतो. एकूण ४७६. त्यात ग्रे प्लोव्हर ५८, आणि यावेळी एकही शंका नाही कारण उतरताना पंख उचलले की काखेतला काळा डाग दिसतो, गोल्डन प्लोव्हरला तो नसतो.

पण आजचा दिवस आकड्याचा नव्हता. एक टर्नस्टोन आमच्यापासून बारा-पंधरा पावलांवर आला, आपणहून. आम्ही हललो नाही. नारिंगी पाय, छोटी पाचरीसारखी चोच, टोक किंचित वर वळलेलं. वाळून कडक झालेल्या समुद्री शेवाळाचा एक गठ्ठा होता, त्याच्या कडेखाली त्याने चोच सरकवली आणि मानेने नाही, पूर्ण अंगाने ढकललं, पाय वाळूत रोवून. गठ्ठा अर्धा उचलला आणि परत पडला. पुन्हा. तिसऱ्यांदा उलटा झाला आणि खालून समुद्री पिसवा चहूकडे उडाल्या, आणि त्याने त्यातल्या टपाटप टिपल्या, सहा मी मोजल्या. मग दुसऱ्या बाजूने त्याच गठ्ठ्याखाली. पाठीवरच्या पिसांना फिकट कडा होत्या, खवल्यांसारख्या, म्हणजे यंदाचंच पिल्लू. चार महिन्यांपूर्वी हे अंड्यात होतं.

परतताना छोट्या मेंबरने ओल्या वाळूवर सँडरलिंगच्या पावलांची रांग दाखवली. तीनच बोटं, मागच्या बोटाची खूणच नाही. सँडरलिंगला मागचं बोट नसतंच, लाटेच्या मागे-पुढे धावणाऱ्याला ते कशाला. मी त्याला म्हटलं की चिखल्यांची पण बहुतेक तीनच असतात, मग ओळखायचं कसं? तो खाली बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा थांबलेलाच नाही ना." बरोबर आहे, चिखल्या धावतो, थांबतो, बघतो, टिपतो. सँडरलिंगची रांग थांबतच नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज ऑक्टोबर बिग डे, जगभरातले लोक एकाच दिवशी जमेल तेवढे पक्षी बघून ई-बर्डवर, म्हणजे पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाकतात. पण सकाळी निघताना मन उदास होतं. कालच आययूसीएनने (धोक्यातल्या जातींची यादी ठेवणारी जागतिक संस्था) स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू, म्हणजे लांब वाकड्या चोचीचा एक किनारी पक्षी, नामशेष झाल्याचं जाहीर केलं. हा कर्ल्यू सैबेरियात वाढायचा आणि शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडे यायचा. त्याची घरटी सापडली ती फक्त एका भागात, तारा गावाजवळ, तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शेवटचा पक्का पाहिलेला पक्षी फेब्रुवारी १९९५ चा, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा खाजणात. म्हणजे तिथे कुणीतरी आमच्यासारखंच दुर्बीण घेऊन बसलेलं होतं, आणि आपण शेवटचा बघतोय हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

सकाळी ओहोटीला चिखलात बारा व्हिंब्रेल आणि तीन कर्ल्यू. प्रत्येकाला नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं. व्हिंब्रेलच्या डोक्यावर गडद पट्टे आणि मधोमध फिकट रेघ, चोच कर्ल्यूपेक्षा आखूड आणि टोकाकडे जास्त वाकलेली. उडताना एका सुरात लागोपाठ सात शिट्या. मी डोळे मिटून मोजल्या, एकदा सात, एकदा सहा.

मोजून काय होणार असं दोन नवीन मंडळींपैकी एकाने विचारलं होतं, त्याचं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नाही, ते इथे लिहितो. १९७१ च्या रामसर करारात पाणथळ जागा महत्त्वाची ठरवायच्या कसोट्यांपैकी पाणपक्ष्यांबद्दलच्या दोन सरळ आकड्यांच्या आहेत: तिथे नियमितपणे २०,००० किंवा जास्त पाणपक्षी असावेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का तरी. हा एक टक्का काढायचा तर कुणीतरी सगळीकडे मोजलेलं असावं लागतं, आणि ते १९६७ पासून दर जानेवारीत होतं, बहुतेक सगळं हौशी माणसांच्या जिवावर. दक्षिण कोरियात सेमांगमची तेहतीस किलोमीटरची समुद्रभिंत २००६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथल्या चिखलावर थांबणारे ग्रेट नॉट (स्थलांतर करणारे किनारी पक्षी) शेजारच्या चिखलांवर जातील असं म्हटलं गेलं. तसे ते तिथे दिसले नाहीत आणि तिकडे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोजणाऱ्यांचे आकडे खाली आले. ते पक्षी कुठे गेले याचं उत्तर वर्षानुवर्षं किनाऱ्यावर बसलेल्या माणसांच्या वह्यांतून मिळालं. त्यांच्याकडे आधीचे आकडे नसते तर कुणाला काही कळलंच नसतं.

१९ ऑक्टोबर, रविवार. भरती सकाळी १०.२०

एकूण ५४०.

एका सँडरलिंगच्या पायात फ्लॅग! म्हणजे प्लॅस्टिकची बारीक रंगीत पट्टी. रंगावरून पक्षी कुठे पकडून सोडला ते कळतं आणि वरच्या अक्षरांवरून नेमका कोणता ते. स्कोप साठ पटीवर नेला, पहिलं अक्षर स्पष्ट, दुसरं त्याच्या दुसऱ्या पायाआड, तिसरं ऊन पडून चमकत होतं. वीस मिनिटं आम्ही चौघं आळीपाळीने त्या एका पायाकडे बघत होतो. पुढे सरकायचा मोह झाला, हो, झालाच, पन्नास मीटर पुढे गेलं असतं तर मिळालं असतं. कुणीच उठलं नाही. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

जेवढं दिसलं तेवढं, फोटो आणि तारखेसकट पाठवलंय. अशाच पट्टीमुळे बी-९५ नावाचा एक रेड नॉट (ग्रेट नॉटचाच भाऊबंद) जगाला ठाऊक झाला, १९९५ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी त्याला पहिल्यांदा पकडून पायात कडी घातली आणि तो २०१४ पर्यंत दिसत राहिला. आर्क्टिकपर्यंतच्या एवढ्या खेपा की आयुष्यभराचं उडणं चंद्राच्या अंतराहून जास्त भरलं. वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं.

२६ ऑक्टोबर

दोन मोकळे कुत्रे दांड्यावर, मालक मागे फोनवर. गेलो, त्यांना स्कोपमधून थवा दाखवला, खाडीच्या त्या बाजूला उडत असलेला. म्हणाले, "मला वाटलं त्यांना खेळायला आवडतं." कुत्रे बांधले. रागावून गेलो होतो पण मलाही दीड महिन्यापूर्वी कुठे कळत होतं. आज मोजणी नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. भरती सकाळी ९.४५

थवा शांत बसलेला, मोजणी अर्धी झालेली आणि एकदम सगळे वर. आमच्यातल्या प्रत्येकाने आधी स्वतःकडे बघितलं, कोण हललं म्हणून. मग वर बघितलं तर बहिरी ससाणा, पंख मिटून तिरका खाली येत होता. थवा गच्च आवळला, मुठीएवढा वाटावा असा, आणि तो फुटेपर्यंत ससाणा त्यातून आरपार. काही मिळालं नाही. दुसऱ्यांदा वर चढला, परत आला, यावेळी एक बारका पक्षी कडेला सुटला आणि त्याच्यामागे तो खाडीवर दिसेनासा झाला.

सहा मिनिटांत बाकीचे परत जागेवर. सप्टेंबरमधली बावीस मिनिटं आठवली. ससाणा गेला की गेला, आम्ही मात्र उभेच राहिलो होतो.

एकूण ५९२, दोनदा मोजून.

२३ नोव्हेंबर, रविवार. भरती दुपारी १.५०

मध्ये तीन आठवडे तब्येतीमुळे गेलो नाही, दोन मोजण्या ताईंनी केल्या, त्यांच्या वहीतून उतरवून घेतल्यात: ६०३ आणि ५८८. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि खडकांवरचे टर्नस्टोन मी धरायचो त्याच्या दीडपट त्यांना सापडलेत, म्हणजे माझे आधीचे खडकांचे आकडे कमीच असणार. वहीत तशी टीप टाकली.

सवाबाराला बसलो, चौघं. नवीन पिसं आल्यामुळे आता सगळेच फिके राखाडी, पिल्लं कोणती आणि मोठे कोणते ते लांबून कळत नाही. पाणी चढत गेलं आणि दांडा अरुंद होत गेला तसे पक्षी आमच्या बाजूला सरकत आले, चालत, एकेक पाऊल. शेवटी पुढची रांग सत्तर मीटरवर असेल, अंदाजाने. एक ग्रे प्लोव्हर झोपला होता, पण थोड्या थोड्या वेळाने आमच्याकडचा डोळा उघडायचा, काळाभोर मोठा डोळा, आणि परत मिटायचा. चार वेळा उघडला. पाचव्यांदा उघडायची वाट बघत मी बराच वेळ स्कोपला डोळा लावून बसलो, तो उघडला नाही.

एकूण ६११. सँडरलिंग २०४, ग्रे प्लोव्हर ७३, टर्नस्टोन ३९, व्हिंब्रेल १६, कर्ल्यू ३, बाकीचे छोटे वेडर २७६, त्यातले ४० आयडी न पटलेले. फ्लॅगवाला दिसला नाही.

पाणी उतरायला लागल्यावर एकेक टोळी चिखलाकडे निघाली. शेवटचे ग्रे प्लोव्हर गेल्यावर आम्ही उठलो, साडेतीन वाजून गेलेले.

पुढची मोजणी: ७ डिसेंबर, भरती दुपारी पावणेदोनच्या सुमाराला, बारापर्यंत जागेवर.